खरं ख्रिसमस ट्री घरात: आग लागते ठिणगीने, पसरते पाण्याअभावी

थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा, नोव्हेंबरअखेरचा शुक्रवार उजाडला की अमेरिकेतल्या रस्त्यांवर गाड्यांच्या टपावर आडवी बांधलेली झाडं दिसू लागतात. जाळीत आवळलेली, दोरीने करकचून बांधलेली. त्यांत मराठी कुटुंबांच्याही गाड्या असतात. शाळेत जाणारी मुलं हट्ट धरतात, शेजारच्या प्रत्येक खिडकीत झाड दिसत असतं, आणि प्लास्टिकच्या झाडाला तो जंगलाचा वास येत नाही हे तर खरंच. मग फार्मवर जायचं, झाड निवडायचं, कापून घरी आणायचं. फोनवर भारतातली आजी विचारते, "अगं, पण ते पेटत नाही ना?"

आजीचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही, कारण इथे दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. घरातल्या ख्रिसमस ट्रीला आग लागणं ही अगदी विरळा घडणारी गोष्ट आहे. आणि ती लागलीच, तर पळायला जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात माणसाला पायात चपला घालणंही जमत नाही.

आधी विरळा का म्हणायचं ते बघू. अमेरिकेत दरवर्षी अडीच ते तीन कोटी खरी झाडं विकली जातात. राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या, म्हणजे एनएफपीएच्या अलीकडच्या आकडेवारीनुसार ख्रिसमस ट्रीपासून सुरू झालेल्या घरगुती आगी वर्षाला सरासरी दीडशेच्या आसपास असतात, आणि त्यांत प्लास्टिकची झाडंही मोजलेली आहेत. म्हणजे दीड लाखांहून अधिक झाडांमागे एखादी आग. १९८० च्या सुमारास हाच आकडा वर्षाला आठशेच्या घरात होता. त्या मानाने परिस्थिती खूपच सुधारली आहे. स्वयंपाकघरात गॅसवर विसरलेल्या कढईपुढे नाताळचं झाड आगीच्या यादीत फार खाली येतं.

पण याच आकडेवारीत दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती बोचणारी आहे. आगी थोड्या असल्या तरी प्रत्येक आगीमागे मृत्यूचं प्रमाण इतर घरगुती आगींच्या दुपटीहून जास्त भरतं. आग क्वचित लागते, पण लागली की जास्त मारते. असं का, ते समजायला झाडाच्या आत शिरावं लागतं.

सुईत काय असतं

नाताळसाठी वापरतात ती झाडं सूचिपर्णी असतात: फर, स्प्रूस, पाइन. त्यांना पसरट पानांऐवजी सुया असतात. अशा बारीक सुईला वजन नगण्य असतं, पण हवेला आणि उष्णतेला उघडा पडणारा पृष्ठभाग त्या मानाने प्रचंड. जाड ओंडका पेटवायला घाम फुटतो आणि त्याच लाकडाचा भुस्सा भुरकन पेटतो, ते याच कारणाने. पुरुषभर उंचीच्या झाडावर अशा सुया लाखांनी असतात, त्यांच्यामध्ये हवा खेळायला भरपूर जागा असते, आणि सगळा ढाचा उभा असतो. आग नेहमी वर चढते. खालच्या फांदीची ज्वाळा वरच्या फांदीला थेट तापवते, वरची तिच्या वरच्या फांदीला. आगीसाठी याहून सोयीची रचना मुद्दाम करायची म्हटली तरी अवघड.

शिवाय सुयांत आणि सालीत राळ असते, आणि टर्पीन गटातली तेलं असतात. दारातून आत येताच जो वास येतो तो त्या तेलांचाच. टर्पेंटाइन याच कुळातलं. ही तेलं उष्णतेने लवकर वाफ होतात आणि ती वाफ जळते. "पाइनमध्ये तेल असतं म्हणून ते पेटतं" असं बरेच जण सांगतात. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. ताज्या झाडात ही तेलं सर्वात जास्त असतात, आणि ताजं झाड पेटवणं महाकठीण. तेव्हा मुख्य सूत्रधार तेल नाही. तो आहे पाणी.

जिवंत झाडाच्या सुयांतलं पाणी मोजण्याची एक पद्धत आहे: सुई पूर्ण वाळवून तिचं वजन करायचं, आणि मुळात त्यात पाणी किती होतं त्याची या कोरड्या वजनाशी टक्केवारी काढायची. ताज्या झाडात हे प्रमाण शंभर टक्के किंवा त्याहून जास्त भरतं. म्हणजे सुईच्या एकूण वजनात निम्म्याहून अधिक पाणीच.

आता हिशेब करू. एक किलो कोरडं सुईद्रव्य खोलीच्या तापमानापासून पेट घेण्याच्या तापमानापर्यंत, ढोबळमानाने ३०० अंश सेल्सिअसपर्यंत, न्यायला साधारण चारशे ते साडेपाचशे किलोजूल उष्णता लागते. त्याच सुयांत एक किलो पाणी असेल, तर ते उकळेपर्यंत तापवायला सव्वातीनशेच्या वर किलोजूल आणि त्याची वाफ करायला आणखी २,२६० किलोजूल. हे पाणी उडून जाईपर्यंत सुईचं तापमान शंभर अंशांच्या आसपास अडकून राहतं. म्हणजे ओली सुई पेटवायला कोरडीच्या सहापट उष्णता हवी. काडेपेटीच्या काडीत किंवा दिव्याच्या ठिणगीत तेवढा दम नसतो. ठिणगी पडली तर चार सुया करपतात, त्यांच्याकडून शेजारच्या सुयांना पुरेशी उष्णता मिळत नाही, आणि आग तिथेच मरते.

कोकणात ज्याने नारळाची झावळी जाळली आहे त्याला हे सूत्र वेगळं सांगायला नको. हिरवी झावळी विस्तवात टाकली तर ती फुसफुसते, धुरकटते, डोळ्यांत पाणी आणते. तीच उन्हात महिनाभर पडून वाळली की भडका उडतो आणि माणूस दोन पावलं मागे सरतो. झावळी तीच. मधला महिना पाण्याने नेला.

चाळीस सेकंद

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके आणि तंत्रज्ञान संस्थेने, एनआयएसटीने, हे मोजून पाहिलं आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत वाळलेली स्कॉच पाइनची झाडं पेटवून त्यांच्यातून किती वेगाने उष्णता बाहेर पडते ते नोंदलं गेलं. सर्वोच्च पातळी झाडागणिक सुमारे १.६ ते ५.२ मेगावॉट (एक मेगावॉट म्हणजे हजार किलोवॉट) भरली. कचऱ्याची टोपली पेटली तर साधारण शंभर-दोनशे किलोवॉटची आग होते. गुबगुबीत सोफा पूर्ण पेटला तर दोन-तीन मेगावॉट, पण त्याला तिथवर पोचायला काही मिनिटं लागतात. झाड तिथे सेकंदांत पोचतं.

या संस्थेने केलेलं एक प्रात्यक्षिक अमेरिकेतली अग्निशमन दलं दर डिसेंबरात लोकांना दाखवतात. बैठकीच्या खोलीसारखी मांडलेली खोली: सोफा, टीपॉय, गालिचा, कोपऱ्यात वाळलेलं झाड. पेटवल्यावर तीन सेकंदांत झाड ज्वाळांनी वेढलं जातं. पाचव्या सेकंदाला काळा धूर आणि तापलेले वायू छतालगत पसरू लागतात. त्यानंतर जे होतं त्यात खरी मेख आहे: सोफा, टीपॉय आणि गालिचा यांना ज्वाळा शिवत नाही, तरीही ते पेटतात. छतालगतच्या तापलेल्या थरातून खाली येणारी उष्णताच त्यांना पुरते. चाळीस सेकंदांच्या आत खोलीतली जळण्याजोगी प्रत्येक वस्तू एकदम पेट घेते. अग्निशास्त्रात याला फ्लॅशओव्हर म्हणतात. छताजवळचे वायू ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की हा क्षण येतो, आणि त्यानंतर त्या खोलीत कुणी जिवंत राहू शकत नाही.

नेहमीच्या आकाराच्या खोलीत फ्लॅशओव्हर व्हायला एक ते दोन मेगावॉट पुरतात. एकटं वाळकं झाड त्याच्या दुप्पट-तिप्पट देऊ शकतं. म्हणून मृत्यूचं प्रमाण जास्त. स्मोक अलार्म वाजला, झोपलेला माणूस दचकून उठला, नक्की काय झालं ते बघायला जिन्यापर्यंत आला, एवढ्यात खालची खोली संपलेली असते.

रोज पाणी दिलेल्या झाडाचीही अशीच चाचणी झालेली आहे. ती बघताना कंटाळा येतो. ज्वाळा लावतात तिथल्या सुया तडतडतात, थोडा धूर होतो, आणि मग काहीच होत नाही.

आधी मेणबत्ती होती, तरी...

जर्मनीत झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावायची प्रथा जुनी आहे, आणि काही घरांत आजही ती पाळतात. आपल्याला हे आत्मघातकी वाटतं. पण जुन्या रिवाजात एक शहाणपण होतं: झाड घरात यायचं तेच २४ डिसेंबरला, मेणबत्त्या लागायच्या थोडा वेळ, सगळे समोर बसलेले असताना, आणि शेजारी पाण्याची बादली भरून ठेवलेली. झाड ताजं आणि नजर त्याच्यावर.

तरीही अपघात झाले. २४ डिसेंबर १९२४ ला ओक्लाहोमा राज्यात हॉबर्टजवळच्या बॅब्ज स्विच या वस्तीतल्या एकखोली शाळेत नाताळचा कार्यक्रम चालू होता. झाडावरच्या मेणबत्तीने फांदी पेटली. शाळेचं दार आतल्या बाजूला उघडणारं होतं, गर्दी त्याच्यावर रेटली गेली आणि ते उघडेना. खिडक्यांना जाळ्या ठोकलेल्या. ३६ जण गेले, त्यांत बरीच मुलं. सार्वजनिक इमारतींची दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत, हा आग्रह अशाच आगींतून पक्का होत गेला.

विजेच्या दिव्यांची सुरुवात त्याआधीच झाली होती. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने १८८२ साली न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे झाडावर लावले. पण ही चैन सामान्यांच्या घरापर्यंत यायला काही दशकं गेली. पुढे हे तापणारे बल्ब घरोघरी पोचले, अलीकडे एलईडी आले. प्रत्येक पायरीला ठिणगीचा धोका कमी होत गेला.

माझ्या मते गोम पुढेच आहे. दिवा थंड होत गेला तसतसं झाड घरात येण्याचा दिवस अलीकडे अलीकडे सरकत गेला. आज अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारनंतर, म्हणजे थँक्सगिव्हिंग संपताच झाड उभं राहतं, आणि बऱ्याच घरांत ते ६ जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत राहतं. हे झाले चाळीसेक दिवस. त्यात दुकानातलं झाड नॉर्थ कॅरोलिनात किंवा ओरेगनमध्ये कापून, ट्रकने शेकडो मैल प्रवास करून आलेलं असतं. ते त्याआधी दोन-तीन आठवडे कापलेलं असू शकतं. म्हणजे सुट्टीच्या शेवटी घरात जे उभं असतं ते दोन महिने जुनं कापलेलं लाकूड, दिव्यांनी मढवलेलं.

१९ जानेवारी २०१५ ला मेरिलँडमधल्या ॲनापोलिस शहरात एका प्रशस्त बंगल्यात आजी-आजोबा आणि त्यांच्याकडे राहायला आलेली चार नातवंडं गेली. तपासात निघालं ते असं: झाडाखालच्या जमिनीतल्या प्लगमध्ये विजेचा बिघाड झाला, झाडाच्या बुंध्याभोवती गुंडाळलेलं शोभेचं कापड पेटलं, आणि त्यावरून सुमारे पंधरा फूट उंचीचं फ्रेझर फरचं झाड. ते कापून साठहून अधिक दिवस झाले होते. बिघाड तर कुठल्याही घरात होतो. पण प्लगमधला बिघाड आणि सहा मृत्यू यांच्यामध्ये ते झाड उभं होतं.

फ्रेझर फर हे नावही लक्षात ठेवण्यासारखं आहे. लोक ते आवडीने घेतात कारण त्याच्या सुया गळत नाहीत. युरोपात नॉर्डमन फरची हीच ख्याती. "सुया गळत नाहीत म्हणजे झाड ताजं" असा समज यातून होतो, आणि तो घातक आहे. स्प्रूस वाळलं की खाली सुयांचा सडा पाडून निदान ओरडून तरी सांगतं. फर मात्र कोरडं झाल्यावरही सुया घट्ट धरून, हिरवा रंग राखून उभं राहू शकतं. सुई धरून ठेवणं आणि पाणी धरून ठेवणं या दोन वेगळ्या क्षमता आहेत. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचे गॅरी शास्टॅग्नर यांनी कापलेल्या झाडांच्या याच गुणांवर वर्षानुवर्षं संशोधन केलं आहे.

म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. एक सुई अंगठा आणि तर्जनीत धरून वाकवा. लवचीकपणे वाकली तर ठीक. कट्‌कन मोडली तर झाड कोरडं. फांदी मुठीत धरून हलकेच ओढा किंवा झाड थोडं हलवा. हिरव्या सुया मूठभर खाली आल्या तर त्याचा अर्थ तोच. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लागू असलेल्या अग्निसंहितेतही कोरडेपणा ओळखायची हीच साधी खूण दिली आहे, आणि झाड तसं आढळलं तर ते ताबडतोब हलवायला सांगितलं आहे.

कापलेलं झाड पाणी कसं पितं

झाड मुळांपासून तोडलं तरी त्याच्या खोडातल्या नळ्या लगेच निकामी होत नाहीत. सुयांमधून पाण्याची वाफ होत राहते, आणि त्या ओढीने खालचं पाणी वर खेचलं जातं. फुलदाणीतला गुलाब टिकतो तो याच तत्त्वावर. हा पाण्याचा धागा अखंड असतो तोवर सगळं चालतं. बुंधा हवेत उघडा राहिला की नळ्यांत हवा शिरते, कापलेल्या जागी राळ जमून तोंडं बुजतात. सहा-आठ तासांत ही खपली धरते.

त्यामुळे घरी आणल्यावर, स्टँडमध्ये बसवायच्या आधी, बुंध्याचा खालचा दोन-तीन सेंटिमीटरचा काप पुन्हा एकदा करवतीने काढायचा. सरळ आडवा. तिरपा किंवा टोकदार काप करून उपयोग नाही, उलट स्टँडमध्ये जास्त पाणी भरावं लागतं. मध्ये भोक पाडूनही काही साधत नाही. आणि बुंधा जाड पडला, स्टँडमध्ये शिरत नाही, म्हणून त्याच्या कडा तासायचा मोह होतो, तो आवरायचा, कारण पाणी वाहून नेणारं लाकूड मुख्यतः त्या बाहेरच्या थरातच असतं. कडा तासल्या म्हणजे झाडाचं तोंडच कापलं. मोठं स्टँड आणा.

किती पाणी? ठोकताळा असा की बुंध्याच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागे रोज साधारण एक लिटर. चार इंची बुंध्याचं झाड दिवसाला चार लिटरपर्यंत पिऊ शकतं, पहिल्या एक-दोन दिवसांत अधिकच. दुकानात मिळणारी नाजूक, शोभेची स्टँडं इतकं पाणी धरतच नाहीत. ती सकाळी भरली तर रात्री कोरडी. पाण्याची पातळी कापाच्या खाली जाऊन काही तास तशीच राहिली की राळेची खपली धरते, आणि नंतर स्टँड काठोकाठ भरलं तरी झाड पीत नाही. बरेच लोक इथे फसतात: स्टँड भरलेलं दिसतं, पातळी दोन दिवस हलत नाही, आणि माणूस खूश होतो की आता रोज पाणी घालायची कटकट नाही. पातळी हलत नाही म्हणजे झाडाने पिणं सोडलं. मग ते उतरवून नवा काप घेणं हा एकच उपाय. दिवे-दागिने लावलेलं झाड उतरवायला कुणी तयार होत नाही, ही गोष्ट वेगळी.

पाण्यात साखर, ॲस्पिरिन, मध, बाजारातली पुडी असं काही घालू नका. नळाचं साधं पाणी सर्वात चांगलं. आग न लागण्याचे फवारे मिळतात, त्यांच्या भरवशावरही राहू नका. पाणी घालायचं टाळता येईल असं ते काही नाही.

आणि घरातली हवा. थंडीत अमेरिकेतल्या घरात हाताची कातडी फाटते, दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो, ते कोरडेपणामुळे. बाहेर शून्य अंश सेल्सिअसला हवेच्या एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त पाच ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं. तीच हवा आत येऊन हीटरने २१ अंशांपर्यंत तापली की तिची क्षमता अठरा ग्रॅमवर जाते, पण बाष्प तेवढंच, पाच ग्रॅम. म्हणजे आर्द्रता २५-३० टक्क्यांवर आली. अशी तहानलेली हवा झाडाच्या सुयांतून पाणी शोषत असते. हीटिंगच्या झडपेसमोर किंवा फायरप्लेसशेजारी ठेवलेलं झाड दुप्पट वेगाने नाही वाळलं तरच नवल. फोटोत फायरप्लेसशेजारी झाड छान दिसतं. जागा तीन-चार फूट बदलली तर फोटोचं फार बिघडत नाही.

ठिणगी कुठून येते

झाड कोरडं असणं ही एक बाजू. दुसरी म्हणजे पेटवणारं काहीतरी. एनएफपीएच्या नोंदींत ख्रिसमस ट्रीच्या आगींपैकी पाचातल्या दोनेक आगींमागे वीज किंवा दिवे असतात. बाकीच्यांत हीटर-फायरप्लेससारखा उष्णतेचा स्रोत जवळ असणं, मेणबत्ती, आणि लहान मुलांच्या हाती लागलेला लायटर. फिलाडेल्फियात ५ जानेवारी २०२२ ला एका घरात १२ जण गेले, त्यांत ९ मुलं. एका लहान मुलाच्या हातातल्या लायटरने ख्रिसमस ट्री पेटलं, असा तपास अधिकाऱ्यांचा निष्कर्ष होता. घरातले स्मोक अलार्म चालू नव्हते.

एलईडीच्या माळा जुन्या बल्बांपेक्षा कितीतरी थंड असतात. मोठे, शंकूच्या आकाराचे जुने बल्ब प्रत्येकी पाच-सात वॉटचे असायचे आणि हाताला चांगलेच भाजायचे. जुना संच कपाटात असेल तर तो टाकून द्यायला हरकत नाही. पण एलईडी आली म्हणजे निर्धास्त, असंही नाही. वायरचं आवरण चिरलं असेल, उंदराने किंवा मांजराने कुरतडलं असेल, प्लग सैल असेल, तर ठिणगी तिथेही पडते. आणि सगळ्या माळा एकीला एक जोडून एका स्वस्त एक्स्टेंशन बोर्डावर लादल्या तर तो बोर्डच तापतो. तो बोर्ड झाडाखाली, पाण्याच्या स्टँडला चिकटून, कापडाखाली झाकलेला असेल तर ॲनापोलिसची गोष्ट पुन्हा वाचा.

आपल्या लोकांसाठी एक खास सूचना. दिवाळीच्या माळा भारतातून अमेरिकेत आणि अमेरिकेतल्या भारतात असा प्रवास बॅगांतून सर्रास चालतो. भारतात वीज २३० व्होल्टची, अमेरिकेत १२० व्होल्टची. भारतातली माळ तिकडे मंद पेटेल किंवा पेटणार नाही. उलट प्रकार धोक्याचा आहे: फक्त १२० व्होल्टसाठी बनवलेली माळ पुण्यात प्लगमध्ये खोचली तर तिला जवळपास दुप्पट दाब मिळतो, आणि जुन्या तारेच्या बल्बांच्या माळेत उष्णता तिपटी-चौपटीने वाढू शकते. प्लग बदलणारा छोटा अडॅप्टर फक्त पायांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. माळेच्या चिठ्ठीवरचा आकडा वाचल्याशिवाय लावू नका. अमेरिकेत विकत घेत असाल तर यूएलसारख्या चाचणीसंस्थेचा शिक्का बघा.

झोपताना आणि घराबाहेर पडताना दिवे बंद. यासाठी वीस डॉलरच्या आतला टायमर मिळतो, तो माणसाच्या आठवणीपेक्षा बरा.

गोवा, वसई आणि प्लास्टिकचं झाड

आपल्याकडच्या नाताळात कापलेल्या फरचा प्रश्न जवळजवळ येतच नाही. गोव्यात, वसईत, मुंबईत बहुतेक घरांत प्लास्टिकचं झाड असतं. कुठे सुरूची फांदी सजवतात. नर्सरीतून "ख्रिसमस ट्री" म्हणून कुंडीत मिळतं ते बहुधा अरोकेरिया असतं. कुंडीतलं झाड जिवंत, मुळांसकट. त्याला पाणी घालत राहिलात तर आगीच्या दृष्टीने त्याच्यासारखं निरुपद्रवी झाड नाही. शिवाय किनाऱ्यावरची डिसेंबरची हवा हीटर लावलेल्या बंद घराइतकी कोरडी नसते.

मात्र सुरूची फांदी कापून आणून पंधरा दिवस माळांखाली ठेवली तर वर सांगितलेलं सगळं तिलाही लागू होतं. आणि माझ्या मते आपल्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं ते गोठ्याकडे. येशूजन्माच्या देखाव्यासाठी वाळलेलं गवत, पेंढा, बांबू, कागदाचे डोंगर, आणि त्या सगळ्यातून फिरवलेली दिव्यांची माळ. हे गवत पहिल्या दिवसापासूनच कोरडं असतं, त्याला पाणी पाजून वाचवायचा मार्गच नाही. तेव्हा तिथे मेणबत्ती नको, दिवा गवतात खुपसलेला नको, वायरचा सांधा पेंढ्याखाली दडवलेला नको.

प्लास्टिकचं झाड पूर्ण सुरक्षित का? चांगल्या झाडात ज्योत पसरू न देणारी द्रव्यं मिसळलेली असतात आणि ते सहज पेट घेत नाही. पण पीव्हीसी जळतं तेव्हा हायड्रोजन क्लोराइडसारखा झोंबणारा, घातक वायू सोडतं. वाळक्या फरपेक्षा ते बरं. ओल्या, रोज पाणी पिणाऱ्या फरपेक्षा सरस आहेच असं मी म्हणणार नाही.

पेटलंच तर, आणि संपल्यावर

झाड पेटलं तर बादली आणायला जाऊ नका, आग विझवण्याचा सिलिंडर शोधत बसू नका. चाळीस सेकंदांचा हिशेब वर दिला आहे. सगळ्यांना बाहेर काढायचं, निघताना त्या खोलीचं दार ओढून घ्यायचं, आणि बाहेरून फोन करायचा: अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, भारतात ११२ किंवा १०१. बंद दार आगीला कितीतरी मिनिटं रोखून धरतं. उघडं दार तिला हवा पुरवतं. आणि या सगळ्याआधी, झाड घरात आणायच्या दिवशीच, ते बाहेर पडायच्या एकुलत्या वाटेवर ठेवलेलं नाही ना ते बघायचं. भाड्याच्या घरात असाल तर करारही वाचा. अग्निसंहिता स्प्रिंकलर नसलेल्या इमारतींच्या सामायिक जागेत कापलेलं झाड ठेवू देत नाही, आणि अनेक घरमालक सदनिकेतही त्याला मनाई करतात.

नाताळ झाल्यावर झाड लवकर हलवा. या आगींतला मोठा वाटा जानेवारीत असतो, आणि त्याचं कारण आता सांगायला नको. सुई मोडायला लागली तर तारीख बघत बसू नका. ते गॅरेजमध्ये किंवा घराच्या भिंतीला टेकवून ठेवणं म्हणजे धोका फक्त चार फूट सरकवणं. तुकडे करून फायरप्लेसमध्ये घालू नका. राळ भडकते, ठिणग्या उडतात आणि चिमणीत काजळीचा थर जमतो.

बहुतेक शहरं जानेवारीत ठरलेल्या तारखांना झाडं रस्त्याकडेला ठेवायला सांगतात आणि ती दळून बागांसाठी भुसा करतात. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर काही गावांनी जुनी झाडं वाळूच्या टेकड्या धरून ठेवायला वापरली आहेत. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात तर न विकली गेलेली झाडं हत्तींना खायला घालतात. घरात सजवलेली मात्र ते घेत नाहीत, कारण त्यांत तारा आणि काचा अडकलेल्या असू शकतात. आपलं झाड महापालिकेच्या गाडीला देतानाही तेवढी तपासणी करा: आकडे, जरीच्या माळा, दिव्यांची वायर, सगळं उतरवून.